ग्रॅनाइटचं वय काढायचंय? आधी तो कशाला कापतोय ते बघा

पुण्यात दगड म्हटलं की काळा बेसाल्ट, सिंहगड घ्या नाहीतर वेताळ टेकडी. ग्रॅनाइटी खडक त्याच्या खाली दडलाय, कोयनेला रासाटीच्या बोअरमधे सुमारे 930 मीटर बेसाल्ट संपल्यावर तो लागला. सॅम्पल हवं असेल तर उत्तर कर्नाटकात हंपीच्या बाजूला जा, पण स्मारकांपासून लांब, चालू खाणीत, परवानगी काढूनच.

हातोडा काढायच्या आधी तासभर नुसतं बघा, माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. ग्रॅनाइट वितळलेल्या रूपात घुसताना आजूबाजूच्या खडकाचे पट्टे कापून गेलाय, की त्यांच्याबरोबर स्वतःही चेपलाय? चेपलेला असेल तर डोंगर घडवणारा दाब तो आल्यावरही चालू होता, आणि त्याच पट्ट्यांना कापणारी सरळ, न चेपलेली शीर सापडली तर दाब तिच्याआधी थांबलेला. दोन्हींची वयं काढली की मधला काळ हातात येतो. स्केच काढा, होकायंत्राचं रीडिंग लिहा, नाहीतर लॅबमधून नुसता आकडा येतो.

वरची कुजलेली साल फोडून आतला ताजा दगड 5 ते 10 किलो घ्या. मग क्रशर, चाळणी, पाण्यात धुणं, चुंबक, जड द्रव, आणि शेवटी मायक्रोस्कोपखाली सुईने झिरकॉन (ग्रॅनाइटमधल्या एका जड, टिकाऊ खनिजाचे कण) वेचायचे, एकेक जेमतेम 0.1 मिलिमीटरचा. दोन सॅम्पलच्या मधे क्रशर ब्रशने झाडाच, माझं एक सॅम्पल आधीच्या दगडाचे कण मिसळल्यामुळे पूर्ण वाया गेलं.

झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही, म्हणजे आत सापडलेलं शिसं युरेनियममधूनच झालेलं. युरेनियम 238 चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं शिशात बदलायला लागणारा काळ, 447 कोटी वर्षं, 235 चं सुमारे 70 कोटी, दोन्ही घड्याळं एकच वय सांगत असतील तर विश्वास ठेवा. हे मोजायला कणावर लेसर मारण्याआधी त्याचा फोटो बघा, कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसतात, मधला गाभा कधीकधी वितळलेल्या जुन्या खडकातून आलेला असतो, ग्रॅनाइटचं वय बाहेरच्या वलयात.

जमलं तर काळ्या अभ्रकाचं आरगॉन वयही (त्यातल्या पोटॅशियमपासून झालेल्या आरगॉन वायूवरून) काढा, ते खडक साधारण 300 अंशांपर्यंत थंड झाला तेव्हाचं, त्यावरून तो किती वेगाने वर आला याचा अंदाज येतो.

लडाखचा बराचसा ग्रॅनाइट 5 ते 6 कोटी वर्षांचा, टेथिसचा, म्हणजे भारत आणि आशियामधल्या जुन्या समुद्राचा, तळ आशियाखाली जात असतानाचा. गंगोत्रीचा फक्त 2.3 कोटी, भारत-आशियाच्या टकरीनंतर जाड झालेलं कवच आतून वितळलं तेव्हाचा. गोमुखला गेलात तर पांढऱ्या दगडातले टुर्मलीन या खनिजाचे काळे खडे बघा, फोडू मात्र नका, तो नॅशनल पार्क आहे.