मराठी शब्दशोधाचं ॲप करताय? आधी अक्षर नीट तोडा

नागपुरातल्या जागांची नावं चौकटीत शोधायचा खेळ हा पहिल्या ॲपसाठी उत्तम विषय आहे. चित्रं लागत नाहीत, आवाज नसला तरी चालतं आणि सुट्टीच्या दिवशी बसून दोन-तीन आठवड्यांत खेळता येईल असं काहीतरी हाती येतं. साधन म्हणून गोडो ४ (Godot, खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) घ्या. ते मोफत आहे आणि जोडाक्षरं नीट दाखवतं; गोडो ३ मध्ये ती तुटतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओंच्या मागे जाऊ नका.

खरी मेहनत एकाच ठिकाणी आहे. ‘सीताबर्डी’ आपल्याला चार अक्षरांचा शब्द दिसतो: सी, ता, ब, र्डी. संगणक मात्र त्यात नऊ चिन्हं मोजतो, कारण वेलांटी, काना, हलन्त सगळं त्याला वेगळं. शब्द थेट तोडला तर एका चौकोनात नुसता काना येऊन बसतो. म्हणून तोडण्याचं काम स्वतः लिहा. शब्दातलं एकेक चिन्ह घ्या आणि त्याचा युनिकोड आकडा (संगणकात प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेला क्रमांक) बघा. तो २३०५ ते २३०७ (चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग), २३६४ (नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब) किंवा २३६६ ते २३८१ (मात्रा आणि हलन्त) यांत असेल, तर चिन्ह आधीच्या अक्षराला चिकटवा. आधीचं चिन्ह हलन्त, म्हणजे २३८१ असेल, तर आलेलं व्यंजनही त्यालाच जोडा. बाकी सगळीकडे नवं अक्षर सुरू करा. एवढ्या तीन नियमांत ‘दीक्षाभूमी’चे दी, क्षा, भू, मी असे बरोबर चार तुकडे पडतात.

एक खोच राहते. ‘वऱ्हाडी’तला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ (२३५३) आणि हलन्त देतात, काही साधा र (२३५२), हलन्त आणि न दिसणारा जोडक (८२०५). डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण तुलना केली की शब्द जुळत नाही आणि खेळणाऱ्याचं बरोबर उत्तर चूक ठरतं. यादी आत घेतानाच दुसरा प्रकार पहिल्यात बदलून टाका.

जाळी ६×६ ठेवा. १०८० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना ६० पिक्सेल सोडले की चौकोन १६० पिक्सेलचा येतो; नेहमीच्या ३६० डीपी (पडद्यावर किती पिक्सेल आहेत यावर न ठरणारं अँड्रॉइडचं माप) रुंदीच्या फोनवर तो साधारण ५३ डीपी. बोटाला निदान ४८ डीपी लागतात. ७×७ केली की चौकोन त्याखाली जातो आणि शेजारचं अक्षर दाबलं जातं.

सगळ्यात लांब शब्द आधी बसवा. शंभर प्रयत्नांत जागा मिळाली नाही तर जाळी पुसून पुन्हा सुरुवात करा. बाराखडीमुळे अक्षरांचे प्रकार भरपूर, त्यामुळे दोन शब्दांना एकच अक्षर मिळणं दुर्मीळ असतं. अंबाझरी, फुटाळा, सीताबर्डी, दीक्षाभूमी, झिरो माइल (मधली जागा काढून) मिळून वीस अक्षरं होतात. छत्तीस घरांत याहून जास्त कोंबू नका.

उरलेली घरं क, ख, ग अशा सुट्या अक्षरांनी भरू नका. मग ‘र्डी’ आणि ‘क्षा’ दुरूनच उठून दिसतात आणि कोडं दहा सेकंदांत सुटतं. भरतीत मात्रांची अक्षरं आणि तीन-चार फसवी जोडाक्षरं हवीतच, उदाहरणार्थ र्ती, त्रा, ष्णा. चुकून एखादी शिवी तर तयार झाली नाही ना, हेही तपासा.

फॉन्ट ॲपमध्येच घाला. नोटो सान्स देवनागरी मोफत मिळतो. ‘र्डी’चा रफार वर आणि ‘ट्रू’चा ऊकार खाली कापला जात नाही ना, हे खऱ्या फोनवर पाहा. उन्हाळ्यात दुपारी एक वाजता कस्तुरचंद पार्कापाशी उभं राहून पडदा वाचता आला पाहिजे, म्हणून फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरं ठेवा. करड्यावर करडं तिथे अजिबात दिसत नाही.

प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी (ॲप फक्त निवडक लोकांना देऊन) करून घ्यावी लागते. मधेच कोणी बाहेर पडलं तर अडचण होते, म्हणून पंधरा-सोळा जणांना तयार ठेवा. त्यात चष्मा लावणारे काका-काकू असू द्या. सही करायची किल्ली-फाइल (ॲप तुमचंच आहे हे हिच्यामुळे ओळखलं जातं) आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, मगच ॲपची फाइल चढवा.