‘चार दिवस झालं नाही, आणि आज एकदम जुलाब’: घरच्या वृद्धांच्या बद्धकोष्ठतेत या चुका टाळा

आईला चार दिवस शौचाला झालं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं तर चादरीवर पातळ, तपकिरी डाग. मला हायसं वाटलं. चला, सुटलं एकदाचं! संध्याकाळपर्यंत आणखी तीनदा तसंच झालं, तेव्हा मी जुलाब थांबवायची गोळी दिली. रात्री ती पोट धरून कण्हायला लागली, लघवीही अडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे जुलाब नव्हतेच. आतड्याच्या शेवटच्या भागात मळाचा घट्ट गोळा अडकला होता आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेकडेने झिरपत होता.

या आजारपणात माझी सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

झिरपणाऱ्या मळाला जुलाब समजणं

आधी काही दिवस शौचाला झालेलं नाही किंवा नुसते खडे पडलेत, आणि मग अचानक थोडं थोडं पातळ होतंय, माणसाला कळायच्या आत कपडे खराब होतायत, तर पहिला संशय अडकलेल्या मळाचाच घ्या. सोबत पोट फुगलेलं असतं, जेवण तुटतं, लघवी अडते किंवा थेंब थेंब होत राहते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला ‘पोटात दुखतंय’ हे सांगताच येत नाही. ते अस्वस्थ होतात, चिडतात, एकाएकी जास्त गोंधळल्यासारखं बोलू लागतात. अशा वेळी पोटावरून हात फिरवून पाहायचं बऱ्याच घरांत राहून जातं.

लोपरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी इथे अजिबात देऊ नका. आतडं आणखी मंदावतं आणि गोळा पक्का होतो. घरच्या घरी बोट घालून मळ काढायच्या फंदातही पडू नका. म्हातारपणी आतली त्वचा नाजूक असते, जखम होऊन रक्त येतं, आणि त्या जागी दाब पडल्यावर हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

नुसते दिवस मोजणं

‘आज झालं नाही’ म्हणून घरभर काळजी पसरते. पण दिवसातून तीन वेळा होणं आणि आठवड्यातून तीन वेळा होणं, दोन्ही निरोगी माणसात दिसतं. दिवसांपेक्षा मळ कसा आहे आणि माणूस किती कुंथतोय हे पाहा. डॉक्टर यासाठी सात प्रकारांचा ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात पहिला प्रकार सुट्या कडक खड्यांचा आणि दुसरा गाठीगाठीच्या घट्ट मळाचा. हे दोन्ही बद्धकोष्ठतेचे. तिसरा आणि चौथा, म्हणजे सलग आणि मऊ, तो चांगला. उलट बाजूही लक्षात ठेवा. रोज एक-दोन खडे पडतायत म्हणजे पोट साफ होतंय, असं नाही.

मी पलंगाशेजारी एक वही ठेवली होती. तारीख, मळ कसा होता, अंदाजे किती, कुंथावं लागलं का, कुठलं औषध दिलं. महिन्याभरात या वहीने जे सांगितलं ते माझ्या आठवणीने कधीच सांगितलं नसतं.

औषधांच्या पिशवीकडे न पाहणं

खाण्यापिण्याला दोष देण्याआधी चालू गोळ्या बघा. ट्रामाडोल, कोडीन, मॉर्फिन ही वेदनाशामकं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबासाठीचं व्हेरापामिल, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन, लघवीची घाई कमी करणारं ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या आणि अ‍ॅल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, या सगळ्यांनी आतडं मंदावतं किंवा मळ घट्ट होतो. मॉर्फिनच्या गटातल्या औषधांचा हा त्रास सवयीने कमी होत नाही, म्हणून ती सुरू होतानाच पोटासाठी काय द्यायचं हे विचारून घ्या. यातलं काहीही मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्या पिशवीतून नेऊन डॉक्टरांपुढे ठेवा. थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि पार्किन्सन यांनीही असंच होतं.

इसबगोल सगळ्यांना चालतं असं धरून चालणं

इसबगोल पाणी शोषून फुगतं. चालत्या-फिरत्या, पुरेसं पाणी पिणाऱ्या माणसाला ते छान लागू पडतं. पण अंथरुणाला खिळलेल्या, जेमतेम चार घोट पिणाऱ्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धाला तेच घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. मॉर्फिनसारख्या औषधांनी झालेल्या बद्धकोष्ठतेतही ते योग्य नाही. द्यायचंच तर पेलाभर पाण्यात मिसळून लगेच प्यायला द्या, आणि झोपायच्या तोंडावर देऊ नका. जेवणातला चोथाही असाच हळूहळू वाढवायचा असतो. आज एकदम भरपूर भाजी आणि फळं दिली की उद्या पोट फुगून माणूस जेवण नको म्हणतो.

औषधाला वेळ न देता दुसरं देणं

पोट साफ करणाऱ्या औषधांपैकी लॅक्ट्युलोजचा परिणाम दिसायला एक ते दोन दिवस लागतात, पॉलिएथिलीन ग्लायकॉलला एक ते तीन. बिसाकोडिलची गोळी साधारण 6 ते 12 तासांत काम करते, म्हणून ती रात्री देतात. ही गोळी कुटून किंवा दुधाबरोबर देऊ नये. तिचं आवरण आधीच विरघळून पोटात कळा येतात. सकाळी दिलेलं दुपारपर्यंत लागू पडलं नाही म्हणून दुसरं, संध्याकाळी तिसरं असं केलं की मध्यरात्री सगळ्यांचा परिणाम एकदम होतो, आणि अंधारात घाईने उठताना वृद्ध पडतात.

एनिमा वारंवार देणं तर फार धोक्याचं. सोडियम फॉस्फेटचा एनिमा 24 तासांत एकापेक्षा जास्त देऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय एकही नको. साबणाच्या पाण्याचा एनिमा आतली त्वचा जाळतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियमची पोट साफ करणारी औषधंही मनाने देऊ नका. ठसका लागणाऱ्या माणसाला लिक्विड पॅराफिन (पोट साफ करायचं तेलकट औषध) देऊ नका, त्याचा थेंब श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते.

कमोडवर कसंही बसवणं

आईचे पाय कमोडवरून जमिनीला पुरते टेकत नव्हते. ती दांडा घट्ट धरून, ताठ बसून कुंथायची आणि दमून परत यायची. फिजिओथेरपिस्टने तिच्या पावलांखाली एक बुटकं, न घसरणारं स्टूल सरकवलं. गुडघे कमरेच्या वर आले. मग तिला थोडं पुढे झुकवून कोपरं मांड्यांवर टेकायला लावली. या स्थितीत गुदाशयाजवळचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. महिनाभर मी तिचं औषध वाढवत होते, आणि अडचण पावलांखाली होती.

वेळही महत्त्वाची. जेवल्यावर आतडं आपोआप हलू लागतं, सकाळी जास्तच. म्हणून न्याहारीनंतर 20 ते 30 मिनिटांनी बसवा, दहा मिनिटांपुरतं. पाऊण तास बसवून ‘अजून जोर लाव’ म्हणू नका. जोरात कुंथल्याने रक्तदाब वरखाली होतो आणि हृदयविकार असलेल्या माणसाला भोवळ येऊ शकते. दार लोटून घ्या, हाकेच्या अंतरावर थांबा. कुणी समोर उभं असताना कुणालाच होत नाही.

आणि ‘लागली आहे’ म्हटल्यावर ‘डायपर आहे ना, त्यातच कर’ असं उत्तर देऊ नका. धरून ठेवलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं. काही दिवसांनी ती जाणीवच बोथट होते.

पाण्याचा आग्रह, पण चुकीच्या वेळी

वयाबरोबर तहान कमी लागते, आणि रात्री उठावं लागेल या भीतीने पुष्कळ वृद्ध पाणी टाळतात. सकाळपासून दुपारपर्यंत थोडं थोडं द्या, संध्याकाळनंतर कमी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याची मर्यादा डॉक्टरांनी सांगितलेलीच पाळायची.

घरचे उपाय थांबवायची वेळ

उलट्या, फुगून ताणलेलं पोट, वारासुद्धा न सरणं, ताप, तीव्र पोटदुखी यांपैकी काही दिसलं तर पोट साफ करायचं औषध देऊ नका, थेट रुग्णालयात न्या. मळात रक्त, डांबरासारखा काळा मळ (लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, तरी विचारा), कारण नसताना उतरणारं वजन किंवा वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलणं, हे असेल तर तपासणी लांबवू नका. फोन करताना वही हातात असू द्या. शेवटचं कधी झालं, कसं होतं, लघवी होतेय का, आणि गेल्या दोन दिवसांत काय काय दिलं, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात.