हॉलची ग्रेंज करताना

ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची ग्रेंज ही वाफेच्या इंजिनांची मालिका, हे माझं सगळ्यात लाडकं इंजिन, 1936 ते 39 मध्ये 80 बनली आणि 1965 पर्यंत सगळी सेवेतून निघून भंगारात गेली. 4 मिमी स्केलचं (खऱ्या एका फुटाला मॉडेलवर 4 मिमी) हॉल, म्हणजे त्याच रेल्वेच्या दुसऱ्या मालिकेचं रेडीमेड मॉडेल घेऊन ग्रेंज घरी करता येते, कारण बॉयलर दोन्हींचा एकच.

मुख्य फरक चाकांचा. हॉलची ड्रायव्हिंग चाकं (इंजिन ओढणारी मोठी चाकं) 6 फुटी म्हणजे मॉडेलवर 24 मिमी, ग्रेंजची 5 फूट 8 इंच म्हणजे 22.7. चाकं बदलली की चासी (खालचा सांगाडा) पाऊण मिमीच्या आसपास खाली बसते, म्हणून रुळावर शेजारी वॅगन उभी करून बफर (टोकाचे धक्का झेलणारे गोल दांडे) एका उंचीवर जुळतायत का बघा, नाहीतर बॉडीखाली पातळ पॅकिंग द्या, आणि बोगीचा (पुढच्या छोट्या चाकांच्या गाड्याचा) वॉशरही घासावा लागेल.

खरी मजा सिलिंडरवरच्या रनिंग प्लेटची (बॉयलरच्या बाजूने जाणारी अरुंद पट्टी), हॉलवर ती सरळ असते, ग्रेंजवर उचललेली. बारीक करवतीने तेवढाच तुकडा कापा, प्लास्टिकार्डची (मॉडेलसाठीच्या पातळ प्लास्टिक पत्र्याची) पट्टी गरम पाण्यात धरून हलक्या हाताने वाकवा आणि फोटो समोर ठेवूनच चिकटवा. इथे घाई अजिबात नको, रात्रभर सुकू द्या, कारण ओला जोड घासला की कड फाटते आणि ते वळण परत मिळत नाही. मागे 3500 गॅलनचा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) लावा. नावाच्या पाट्या शेवटी.