बडोद्यातल्या मराठी संकेतस्थळाला चांगल्या लिंक कशा मिळवाव्यात

दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून आपल्या पानाला लिंक मिळते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. लिहिणाऱ्याला एखादी गोष्ट स्वतः समजावत बसायची नसते आणि ती आपल्या पानावर आधीच नीट मांडलेली असते. ‘आमच्याविषयी’ आणि ‘आमच्या सेवा’ या पानांना म्हणूनच कोणी लिंक देत नाही. दांडिया बाजारातल्या फरसाणवाल्याने ‘बडोद्यातली सर्वोत्तम भाकरवडी’ असे पान केले, तर एखादे गिऱ्हाईक येईलही, लिंक येणार नाही. त्याच दुकानदाराने ‘पन्नास पानांच्या मुंजीला श्रीखंड, मसालेभात, अळूची भाजी किती लागेल’ असा तक्ता टाकला आणि शंभर व दोनशे पानांचे आकडे शेजारी दिले, की कार्यालयवाले, आचारी, पाककृती लिहिणारे, सगळ्यांना तो तक्ता दाखवावासा वाटतो. आधी असे एक पान तयार करा. ते नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे.

लिंक देण्याजोगे पान

समजा विषय आहे बडोद्याच्या जुन्या वास्तू. तांबेकर वाड्यावर चार ओळींचे वर्णन शेकडो ठिकाणी सापडते. त्यात अजून एकाची गरज नाही. पण प्रत्येक मजल्यावरची भित्तिचित्रे कोणत्या भिंतीवर आहेत, त्यांतले प्रसंग कोणते, छायाचित्र कधी काढले, वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली असल्याने आत जाण्याचे नियम काय, हे एका पानावर असेल तर वास्तुकलेचा विद्यार्थी ते पान जपून ठेवील. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, असे लिहिताना ते कुठून घेतले तेही लिहावे. हीच गोष्ट सयाजीराव महाराजांच्या काळाची: १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९१० मध्ये ग्रंथालयांच्या उभारणीसाठी अमेरिकेहून बोलावलेले बॉर्डन, रावपुऱ्यातला १८९६ चा चिमणाबाई टॉवर. सन लिहिले आणि आधार दिला नाही, तर अभ्यासक ते पान वाचेल पण त्याचा हवाला देणार नाही. आणि टिकाऊ लिंक अभ्यासक, शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्याकडूनच येतात.

वर्षावर्षाला लागणारी माहितीही चालते. गणेश विसर्जनासाठी महापालिका कुठे कृत्रिम तलाव करते, तिथे जाण्याचा रस्ता कोणता, वाहन कुठे लावायचे, याचे पान गणपतीच्या चार-सहा आठवडे आधी तयार असावे. बातमीदार त्या आठवड्यातच शोधतात. पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) मात्र सन घालू नका. दर वर्षी तेच पान अद्ययावत केले, की मागच्या वर्षी मिळालेल्या लिंक या वर्षीही कामाला येतात. नवे पान केले की सगळे पुन्हा शून्यापासून.

पत्त्याबद्दल आणखी एक, जे मराठी संकेतस्थळांवर फार नडते. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा टक्क्याच्या चिन्हांसह नऊ-नऊ अक्षरांची होते. ‘तांबेकर-वाडा’ एवढ्याचीच शंभर अक्षरे होतात. ईमेलमध्ये ती मधेच तुटतात, व्हॉट्सॲपवर पाहणाऱ्याला फसवणुकीची लिंक वाटते, आणि अर्धवट चिकटवलेल्या पत्त्यावर पान उघडत नाही. शीर्षक मराठीतच असू द्या. पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा. आधीच देवनागरी पत्ते असतील तर ते घाईने बदलू नका. बदलायचेच असतील तर जुन्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचे कायमचे रीडायरेक्ट लावा आणि ते किमान वर्षभर, जमल्यास कायम, ठेवा.

आधी घरातल्या गळक्या जागा

नव्या लिंक मागण्याआधी हातच्या गेलेल्या परत मिळवा. सगळ्यात स्वस्त काम हेच. गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपले संकेतस्थळ गूगलला कसे दिसते ते मालकाला दाखवणारे गूगलचे साधन; त्यात डावीकडे ‘लिंक्स’ आहे. तिथे ‘एक्स्टर्नल लिंक्स’खालची सर्वाधिक लिंक मिळालेल्या पानांची यादी उतरवून घ्या आणि एकेक पत्ता उघडून पाहा. संकेतस्थळाची मांडणी बदलताना काही पाने उडालेली असतात, आणि बाहेरच्या लिंक अजून तिथेच येऊन आपटत असतात. अशा प्रत्येक पत्त्याला त्याच विषयाच्या जवळच्या पानाकडे वळवा. सगळे सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे ही नेहमीची चूक आहे. विषय जुळत नसेल तर गूगल ते पान ‘नसल्यासारखेच’ धरते आणि त्या लिंकचा फायदा जातो.

मग आतल्या लिंक. ज्या पानाला बाहेरून लिंक आल्या आहेत, त्यातून ज्या पानाला गूगलच्या शोधात वर आणायचे आहे तिकडे एक-दोन लिंक मजकुरातच द्या. ‘इथे क्लिक करा’ ऐवजी ‘तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रे’ असे लिहा. बटण दाबल्यावर जावास्क्रिप्टने पान उघडते अशी मेन्यूची रचना असेल तर ती बदलून घ्या. गूगलला खात्रीने वाचता येते ती एचटीएमएलच्या साध्या ए टॅगमधली, एचरेफमध्ये पत्ता असलेली लिंक.

लिंक कोण देईल ते शोधणे

बडोद्याला एक फायदा आहे जो पुण्याला नाही: एकाच विषयावर मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत लिहिणारे लोक. म्हणून प्रत्येक शोध चारही भाषांत करावा, आणि ‘बडोदा’, ‘बडोदे’, ‘बरोडा’, ‘वडोदरा’ ही सगळी नावे घालून पाहावीत. नेमका शब्दसमूह कोट चिन्हांत घाला. आपले संकेतस्थळ वजा चिन्ह आणि साइट-कोलन लावून (-site: आणि लगेच आपला पत्ता) वगळा. शोधशब्दांबरोबर ‘संदर्भ’, ‘उपयुक्त दुवे’, ‘अधिक वाचा’ हे जोडले की लिंकच्या याद्या असलेली पाने वर येतात.

हाती चाळीसेक पाने लागली की एका तक्त्यात पानाचा पत्ता, भाषा, संपर्क, शेवटचे अद्ययावत कधी, आपले कोणते पान तिथे बसते आणि नेमके कुठल्या वाक्यात, हे लिहा. शेवटचा रकाना भरता आला नाही तर ती ओळ काढून टाका. हा रकाना भरताना चाळिसातली दहा-बारा उरली तर यादी चांगली झाली असे समजा.

संकेतस्थळाचा दर्जा ठरवताना ‘डोमेन ऑथॉरिटी’चा आकडा पहिल्यांदा पाहण्याची सवय सोडावी. तो मॉझ या कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. त्याऐवजी पाहा: पान गूगलमध्ये येते का, त्यातल्या बाहेरच्या लिंक कुठे जातात, त्यात कर्ज, जुगार आणि औषधांच्या लिंक मिसळल्या आहेत का, आणि त्या पानावरून खरोखर एखादा वाचक आपल्याकडे येईल का. बारीक पण जिवंत संगीतवर्गाचे पान मोठ्या मरगळलेल्या डिरेक्टरीपेक्षा बरे. सरकारी संकेतस्थळांवर खासगी पानांच्या लिंक सहज लागत नाहीत, तिथे वेळ घालवू नये. विद्यापीठाच्या बाबतीत मुख्य कार्यालयापेक्षा त्या-त्या विभागाच्या किंवा प्राध्यापकांच्या वाचनयादीच्या पानाकडे जावे.

तुटलेल्या लिंक आणि नुसते उल्लेख

यादीतल्या पानांवरच्या बंद लिंक शोधा. ब्राउझरमध्ये यासाठी मोफत एक्स्टेन्शन मिळतात, बंद लिंक लाल दाखवतात. संमेलने, स्पर्धा, प्रदर्शने यांसाठी केलेली संकेतस्थळे यात हमखास सापडतात, कारण कार्यक्रम संपल्यावर डोमेनचे पैसे कोणी भरत नाही. बडोद्यात २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हासारख्या मोठ्या प्रसंगांवर लिहिलेल्या जुन्या पानांपासून सुरुवात करता येईल. बंद पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून आधी तिथे काय होते ते वाचा. तीच गरज आपले पान भागवत असेल तरच पुढे जा. जवळपासचे काहीतरी असून उपयोग नाही, संपादक उघडून पाहतो. पान नसेल तर लिहून काढा, पण जुन्यातला मजकूर उचलू नका.

दुसरी सोपी खाण म्हणजे लिंक नसलेले उल्लेख. आपल्या संस्थेचे किंवा दुकानाचे नाव कोट चिन्हांत घालून महिन्यातून एकदा शोधा. आपली छायाचित्रे गूगल लेन्समध्ये टाकून कुठे वापरली आहेत ते पाहा. नाव किंवा चित्र आधीच वापरणाऱ्याला ‘श्रेय म्हणून मूळ पानाची लिंक जोडाल का’ असे विचारायला संकोच नको; इथे होकार सर्वांत जास्त मिळतात. वर्तमानपत्रात नाव आले तर ई-पेपरचे पान कामाचे नाही, ते चित्र असते. तीच बातमी संकेतस्थळावर आहे का पाहा आणि तिथल्या बातमीदाराला कळवा.

पत्र छोटे असावे. असे:

विषय: ‘बडोद्यातील जुन्या वास्तू’ या पानावरची एक बंद लिंक

नमस्कार. आपल्या वरील पानावर तांबेकर वाड्याच्या परिच्छेदातली ‘भित्तिचित्रे’ ही लिंक सध्या उघडत नाही. त्याच विषयावरचे, मजल्यांनुसार छायाचित्रे असलेले पान आमच्याकडे आहे, पत्ता खाली दिला आहे. योग्य वाटल्यास तिथे वापरावे. न वापरल्यासही बंद लिंकची माहिती असावी म्हणून कळवले. — नाव, बडोदा, फोन.

यात स्तुती नाही, ‘आम्ही आपले नियमित वाचक आहोत’ नाही, आणि लिंकमध्ये कोणते शब्द ठेवावेत याची सूचना नाही. शब्द देणाऱ्यालाच ठरवू द्या. गुजराती संपादकाला त्यांच्या नावापुढे भाई किंवा बेन लावून, गुजरातीतच लिहा. पत्र एखाद्या गुजराती मित्राकडून वाचून घ्या. मराठी मंडळातल्या वयस्क चिटणीसांना ईमेलपेक्षा फोन बरा, आणि तिथे ‘काका’ म्हणून सुरुवात केलेली चालते. विभागप्रमुखांना मात्र ‘सर’ किंवा ‘मॅडम’च. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, दुसऱ्यांदा नाही. गाव लहान आहे, पिच्छा पुरवणाऱ्याचे नाव लवकर होते.

पैशाच्या लिंक, आणि गूगल काय करते

गणेशोत्सव मंडळाला किंवा नवरात्रीच्या गरब्याला प्रायोजकत्व दिले की त्यांच्या संकेतस्थळावर आपला लोगो आणि लिंक येते. यात गैर काही नाही, पण ती लिंक ‘स्पॉन्सर्ड’ म्हणून चिन्हांकित हवी; त्यांच्या संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला तसे सांगा. ‘या लिंकला आमची शिफारस समजू नका’ असे गूगलला सांगणारे ‘नोफॉलो’ हे चिन्ह २००५ मध्ये आले. २०१९ मध्ये त्यात पैशाच्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी ‘यूजीसी’ अशी दोन जोडली. त्या वर्षापासून गूगल ही चिन्हे हुकूम म्हणून न घेता इशारा म्हणून घेते. विकिपीडियातल्या बाहेरच्या लिंक नोफॉलोच असतात. तिथे स्वतःच्या पानाची लिंक स्वतः घुसवू नका, ती काढली जाते. संदर्भ खरेच उपयोगी असेल तर लेखाच्या चर्चापानावर सुचवा.

थोडक्या रुपयांत हजारो बॅकलिंक (दुसऱ्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) देणारी पॅकेजे घेऊ नका. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने आपल्या शोधप्रणालीत पेंग्विन हा बदल आणला तेव्हा अशा लिंक असलेली संकेतस्थळे खाली ढकलली गेली. २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य प्रणालीत मिसळला, आणि तेव्हापासून भर शिक्षेपेक्षा अशा लिंकची किंमत शून्य करण्यावर आहे. म्हणजे पैसे गेले आणि काही झाले नाही, हाच नेहमीचा निकाल. प्रकरण जास्त वाढले तर ‘मॅन्युअल ॲक्शन’, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, येते, सर्च कन्सोलमध्ये त्याचा वेगळा अहवाल असतो. तो रिकामा असेल तर कोणी कितीही घाबरवले तरी ‘डिसअव्हाउ’ फाइल, म्हणजे ‘या लिंक धरू नका’ असे गूगलला कळवणारी यादी, भरत बसू नका. त्यात चांगल्या लिंकही नाकारल्या जाण्याचा धोका असतो. ‘तुम्ही आम्हाला द्या, आम्ही तुम्हाला देतो’ अशी घाऊक देवाणघेवाण आणि दहा ठिकाणी एकाच शब्दसमूहाची लिंक, या दोन गोष्टी यंत्राला सर्वांत आधी दिसतात.

मिळालेली लिंक तपासणे

लिंक लागली असे कळवले गेले की आभार मानून लगेच पाहा. पानावर जाऊन लिंकवर उजवे बटण दाबा, ‘इन्स्पेक्ट’ उघडा: पत्ता बरोबर आहे ना, शेवटी स्वल्पविराम किंवा कंस चिकटलेला नाही ना, नोफॉलो लागले आहे का, आणि पानाच्या कोडच्या शीर्षभागात ‘नोइंडेक्स’ (हे पान शोधात दाखवू नये ही सूचना) नाही ना. मराठी मजकुरात पत्त्याला लागून पूर्णविराम येणे ही फार नित्याची गडबड आहे. सर्च कन्सोलमध्ये नवी लिंक दिसायला काही आठवडे लागतात आणि तिथली यादी संपूर्ण नसते, म्हणून स्वतःच्या तक्त्यात तारीख लिहा. दर तीन महिन्यांनी सगळ्या ओळी पुन्हा उघडा. बंद पडलेल्या लिंकबद्दल त्याच माणसाला दोन ओळी लिहा, आणि अॅनालिटिक्समध्ये ज्या संकेतस्थळावरून वाचक खरोखर येत आहेत, तिथे पुढचे पान तयार झाले की सर्वांत आधी कळवा.