स्प्रे बूथचा फिल्टर केव्हा बदलावा?

स्प्रे बूथचा (फवाऱ्याने रंग मारण्याच्या बंदिस्त खोलीचा) एक्झॉस्ट फिल्टर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेतले रंगाचे कण अडवणारा फिल्टर, नुसत्या नजरेच्या अंदाजाने बदलला, तर एकतर तो चांगला असतानाच फेकला जातो, नाहीतर इतका तुंबतो की रंगाचे तुषार बूथमध्येच रेंगाळून ओल्या पॅनेलवर बसतात. फिल्टर तुंबत जातो तसा त्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक वाढतो; तो असा मोजावा.

1. पारदर्शक प्लास्टिकची नळी ‘यू’ आकारात वाकवून बूथच्या बाहेर फळीवर मिलिमीटरच्या पट्टीसह बसवावी व तिच्यात शाईचा थेंब टाकलेले पाणी निम्म्यापर्यंत भरावे.

2. तिचे एक टोक फिल्टरच्या पुढे बूथमध्ये, तर दुसरे फिल्टर आणि पंखा यांच्यामधल्या पोकळीत सोडून नळीभोवतीची भोके बुजवावीत.

3. फिल्टर नवा असताना, दरवाजे बंद व पंखा चालू ठेवून, दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक फळीवर लिहावा (1 मिमी म्हणजे सुमारे 9.8 पास्कल) आणि पुढे हा फरक वाढत उत्पादकाने दिलेल्या मर्यादेला पोहोचताच फिल्टर बदलावा.

फरक अचानक घटला, तर आनंद मानू नये. बहुधा फिल्टर फाटलेला असतो किंवा पंख्याचा पट्टा घसरत असतो.

काढलेले फिल्टर कोपऱ्यात रचून ठेवू नयेत, कारण त्यांतला रंग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. ते झाकणाच्या धातूच्या पिंपात पाण्यात बुडवून ठेवावेत.