छोट्या व्यवसायाची वेबसाइट गूगलच्या शोधात वर कशी आणावी : एका हापूस बागायतदाराच्या उदाहरणाने

सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यात दोन-तीनशे कलमांची बाग असलेला आणि पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवणारा एखादा बागायतदार वेबसाइट तयार करून घेतो. एप्रिलमध्ये तो गूगलवर ‘हापूस आंबा’ असे टाकून पाहतो, तेव्हा मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा, बातम्या आणि विकिपीडिया यांच्या गर्दीत त्याचे नाव कुठेच नसते. वेबसाइट करून देणाऱ्याला विचारले, की तो ‘एसईओचे’, म्हणजे वेबसाइट शोधात वर आणण्याच्या कामाचे, ‘पॅकेज’ घ्यायला सुचवतो. असे पॅकेज घेण्यापूर्वी कोणत्याही छोट्या व्यावसायिकाला स्वतः करता येईल असे बरेच काही असते आणि त्यातल्या बहुतेक कामाला पैसे लागत नाहीत. मात्र ‘हापूस आंबा’ या दोन शब्दांवर पहिले येण्याचा हट्ट आधी सोडावा लागतो. ‘पाच डझनांची देवगड हापूस पेटी पुण्यात घरपोच’ असे शोधणारे लोक थोडेच असतात, पण ते आंबा घ्यायलाच निघालेले असतात आणि त्यांच्या शंकांचे उत्तर कोणत्याही बाजारपेठेपेक्षा बागेच्या मालकाला अधिक चांगले देता येते.

वेबसाइट गूगलपर्यंत पोचली आहे का?

क्रमांकाची चिंता करण्याआधी आपली पाने गूगलच्या नोंदीत आहेत का, हे पाहावे. शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि मध्ये जागा न सोडता आपला वेबपत्ता लिहिला, की नोंदीत असलेली पाने ढोबळमानाने दिसतात. एकही पान दिसले नाही, तर बहुतेक वेळा कारण साधे असते. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या पानावर, सर्च इंजिनांनी या वेबसाइटची नोंद घेऊ नये अशी विनंती करणारा एक चौकोन असतो. वेबसाइट तयार होत असताना तो चौकोन टिचकी मारून भरलेला असतो आणि काम संपल्यावर तो रिकामा करायचे राहून जाते. आणखी एक खबरदारी जुन्या व्यावसायिकांसाठी आहे. गूगलच्या व्यवसाय-प्रोफाइलमधून फुकट तयार होणाऱ्या एकपानी वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, त्यामुळे पेटीवरच्या लेबलावर, पत्रकावर किंवा फेसबुक पानावर तो जुना पत्ता अजून असेल तर तो बदलून घ्यावा.

यानंतर गूगल सर्च कन्सोल या मोफत साधनात वेबसाइटची नोंदणी करावी आणि साइटमॅप, म्हणजे सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, तिथे सादर करावी. कोणते पान नोंदले गेले, कोणते का वगळले गेले आणि लोक काय शोधत आपल्यापर्यंत आले, हे सारे गूगलच्याच नोंदींतून तिथे समजते. ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या कोडमधले शोधशब्द, भरून देण्याचे वेगळे पैसे मागणारे लोक आजही भेटतात. तो टॅग आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते.

मजकूर : खरे काम इथेच आहे

मराठी वेबसाइटवर एक दोष फार आढळतो. पत्रक आणि फ्लेक्स ज्या डीटीपीवाल्याकडून केले, त्याच्याकडूनच वेबसाइटचा मजकूर येतो आणि तो युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतो. तो फॉन्ट जोडलेला असेपर्यंत डोळ्यांना अक्षरे मराठी दिसतात, परंतु सर्च इंजिनाला त्याजागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोळा मिळतो. कधीकधी तर मजकूर पानावर नसतोच, आंब्याच्या चित्रावर दर, फोन आणि पत्ता छापून तेच चित्र वेबसाइटवर चढवलेले असते. पानावरचा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तिथे तो शुद्ध देवनागरीत उमटला नाही, किंवा निवडताच आला नाही, तर तो युनिकोडमध्ये नव्याने टंकित करून घेतल्याशिवाय पुढच्या कोणत्याही उपायाला अर्थ नाही.

मग काय लिहावे? या प्रश्नाचे उत्तर शोधशब्दांच्या महागड्या साधनांपेक्षा व्यावसायिकाच्या व्हॉट्सअॅपमध्ये लवकर सापडते. मागच्या हंगामातले ग्राहकांचे निरोप उघडून पाहिले, की तेच तेच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेले दिसतात. पेटी किती डझनांची आणि फळ साधारण किती ग्रॅमचे? आंबा कच्चा येईल की अढीतला? घरी अढी कशी घालायची आणि फळ तयार झाल्याचे कसे ओळखायचे? साका (आतल्या गराचा खराब झालेला भाग) निघाला तर बदलून देणार का? देवगडच्या नावाखाली दुसरीकडचा आंबा दिला जात नाही, याची खात्री काय? हे प्रश्न लोक आधी गूगललाच विचारतात आणि तिथे समाधान झाले नाही म्हणून फोन करतात, त्यामुळे वेबसाइटची पाने याच प्रश्नांवरून ठरवावीत.

उत्तरे मात्र नेमकी हवीत. ‘आमच्याकडे उत्कृष्ट दर्जाचा नैसर्गिक हापूस योग्य दरात मिळेल’ हे वाक्य शेकडो वेबसाइटवर आहे आणि त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी पेटीतल्या फळांची संख्या, एका फळाचे वजन, तोडणीनंतर किती दिवसांनी पेटी निघते, गवतात किंवा पेंढ्यात फळे किती दिवस ठेवावीत, फळाला सुरकुती येऊ लागली म्हणजे काय समजावे आणि खराब फळाची तक्रार किती दिवसांत, कशी करावी, हे लिहावे. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे, तेव्हा ‘कार्बाइडमुक्त’ अशी नुसती पाटी लावण्यापेक्षा आपण आंबा प्रत्यक्षात कसा पिकवतो, ते अढीच्या छायाचित्रांसह सांगितलेले ग्राहकाला अधिक पटते. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता असल्याचे प्रमाणपत्र बागायतदाराकडे असेल, तर त्याचा उल्लेख ‘आमच्याविषयी’ या पानाच्या तळाशी दडवून ठेवू नये, खऱ्या-खोट्या आंब्याच्या प्रश्नाचे उत्तर जिथे दिले असेल तिथेच तो करावा. अनुभव, जाणकारी आणि विश्वासार्हता यांना गूगल महत्त्व देते असे सांगितले जाते ते खरे आहे, परंतु हे गुण वाचकाला अशाच तपशिलातून जाणवतात.

भाषेचा प्रश्न छोट्या मराठी व्यावसायिकाला हमखास पडतो. शोधणारा मराठी असला तरी तो देवनागरीत टंकेल असे नाही. अनेक जण मराठीच शब्द रोमन लिपीत लिहितात आणि शहरातला अमराठी ग्राहक ‘अल्फान्सो’ शोधतो. यावर सरळ उपाय असा, की मराठी आणि इंग्रजी मजकुराची पाने वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेवावीत, ती एकमेकांची भाषांतरे असल्याचे ‘एचरेफलँग’ या टॅगने गूगलला कळवावे आणि इंग्रजी पानावर ‘हापूस’ व ‘अल्फान्सो’ ही दोन्ही नावे ओघात येऊ द्यावीत. आपोआप भाषांतर करणारे बटण लावल्याने हे काम होत नाही, कारण ते भाषांतर वाचकाच्या ब्राउझरमध्ये तेवढ्यापुरते घडते आणि त्याचे स्वतंत्र पान नोंदले जात नाही. हापूस, हापुस, हाफुस अशी सारी रूपे पानाच्या तळाशी ओळीने लिहून ठेवण्याचीही गरज नाही. असली रूपे सर्च इंजिन बऱ्यापैकी ओळखते आणि वाचकाला ती ओळ हास्यास्पद वाटते.

प्रत्येक पानाच्या शीर्षकाकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे. शोधाच्या निकालात सर्वांत ठळक दिसणारी ओळ बहुधा तिथूनच घेतली जाते, आणि असंख्य वेबसाइटवर तिथे ‘होम’ एवढेच लिहिलेले असते. ‘देवगड हापूस पेटी : यंदाचे दर आणि पुणे-मुंबई घरपोच’ असे शीर्षक असेल तर आत काय आहे ते न उघडताच समजते. त्याखाली दिसणाऱ्या वर्णनाने क्रमांक वर जात नाही, परंतु ते वाचून लोक टिचकी मारतात, म्हणून तेही हाताने लिहावे. पानाचा पत्ता रोमन लिपीत आणि छोटा असावा. देवनागरी पत्ता चालतो, पण तो व्हॉट्सअॅपवर चिकटवला की अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते.

मोसमी मालाच्या विक्रेत्यांनी एक पथ्य पाळावे. हंगाम संपला की आंब्याचे पान काढून टाकायचे आणि पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवे पान करायचे, असे केल्याने जुन्या पानाने मिळवलेले दुवे आणि ओळख दरवर्षी वाया जाते. पान एकच ठेवावे, त्याच्या पत्त्यात साल घालू नये आणि पावसाळ्यात तिथे ‘यंदाचा हंगाम संपला, पुढच्या नोंदणीसाठी नाव कळवा’ एवढे लिहावे. पत्ता बदलणे अटळच असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ प्रकारचे कायमचे वळण लावून घ्यावे.

नकाशातली नोंद

जवळच्या ग्राहकांसाठी गूगल बिझनेस प्रोफाइल वेबसाइटइतकेच उपयोगी पडते. नकाशातले निकाल कसे ठरतात ते गूगलने उघडपणे सांगितले आहे : शोधाशी सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर आपल्या हातात नसते, म्हणून पुण्यातल्या ग्राहकाला देवगडच्या बागेची नोंद नकाशात वर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. बागेवर येऊन आंबा नेता येत असेल, किंवा बागायतदार स्वतः माल पोचवत असेल, तरच प्रोफाइल काढावे. ग्राहकाची प्रत्यक्ष गाठ पडत नसलेला, केवळ कुरिअरने माल पाठवणारा व्यवसाय नियमाने त्यात बसत नाही. व्यवसायाचे नाव पाटीवर आहे तेच द्यावे. नावापुढे ‘बेस्ट देवगड हापूस होलसेल’ अशी शेपटी जोडल्याने प्रोफाइल निलंबित होऊ शकते.

अभिप्राय मागायला हरकत नाही, पण सवलत देऊन ते मिळवणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे. वाईट अभिप्रायाला शांतपणे, तक्रारीचे पुढे काय झाले ते सांगणारे उत्तर द्यावे, कारण पुढचा ग्राहक ते उत्तरच आधी वाचतो.

वेग आणि मोबाइल

गूगल आता वेबसाइटची नोंद तिच्या मोबाइलवरच्या रूपावरून घेते, त्यामुळे संगणकावर सुंदर दिसणारे पान साध्या फोनवर, गावाकडच्या नेटवर्कवर उघडून पाहावे. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नसेल, तर समाधान मानावे आणि १०० पैकी १०० गुणांच्या मागे लागू नये. वेबसाइट संथ असण्याचे कारण बहुतेकदा फोनमधून जशीच्या तशी चढवलेली छायाचित्रे असते. त्यांची रुंदी दीड हजार पिक्सेलच्या आत आणून ती वेबपी या हलक्या चित्र-स्वरूपात साठवावीत. एचटीटीपीएस, म्हणजे वेबसाइटची सुरक्षित जोडणी, नसेल तर होस्टिंगवाल्याकडून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र बसवून घ्यावे.

दुवे, आणि काय टाळावे

दुसऱ्या वेबसाइटनी दिलेले दुवे गूगलच्या मूळ कल्पनेच्या केंद्रस्थानी होते आणि आजही त्यांना वजन आहे, म्हणूनच त्यांचा बाजार भरतो. पाचशे दुवे काही हजार रुपयांत देणाऱ्याकडून ते घेऊ नयेत. गूगलने २०१२ साली आपल्या शोधपद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ बदलापासून असले दुवे वाया जातात किंवा अंगाशी येतात. बागायतदारांच्या सहकारी संस्थेची सदस्य-यादी, आपला आंबा वापरणारे आइस्क्रीमचे दुकान, ज्या गृहसंस्थेत दरवर्षी पेट्या जातात तिचे पान, बागेवर पर्यटक पाठवणारे जवळचे निवासस्थान, अशा खऱ्या व्यवहारातल्या लोकांकडे दुवा मागावा. असे पाच-सात दुवे छोट्या वेबसाइटला पुष्कळ होतात.

‘पुण्यात हापूस’, ‘नाशिकमध्ये हापूस’, ‘नागपुरात हापूस’ अशी केवळ शहराचे नाव बदललेली वीस पाने करण्याचा मोह अनेकांना होतो. अशा पानांना गूगल ‘डोअरवे’ म्हणते आणि ती त्याच्या स्पॅम-धोरणात मोडतात. एआयकडून ढिगाने लिहून घेतलेल्या, वाचकाला काही न देणाऱ्या पानांनाही मार्च २०२४ पासून तेच धोरण स्पष्टपणे लागू आहे. त्यापेक्षा पोच-व्यवस्थेचे एकच पान करून कोणत्या शहरात गाडी कोणत्या वारी जाते, पेटी कुठे उतरते आणि भाडे किती, हे खरेखुरे सांगावे.

वेळापत्रक आणि हिशेब

या कामाचे फळ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागू शकते, असे खुद्द गूगलच्या लोकांनी सांगितलेले आहे. मार्चअखेर पेट्या निघणार असतील तर मजकुराचे काम पावसाळ्यात, बागेत तुलनेने सवड असताना संपवावे आणि मोहोर येण्याच्या सुमारास फक्त दर व तारखा बदलाव्यात. हंगामानंतर सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात दोन गोष्टी पाहाव्यात. जिथे पान पुष्कळदा दिसले पण टिचक्या कमी मिळाल्या, तिथे शीर्षक सुधारावे. ज्या शोधशब्दांवर पान आठव्या ते विसाव्या क्रमांकाच्या आसपास आहे, त्या प्रश्नाचे उत्तर पानावर अधिक सविस्तर द्यावे. हा अहवाल १६ महिन्यांपर्यंतची माहिती दाखवतो, त्यामुळे मागच्या हंगामाशी तुलना करता येते.

एवढे करूनही मदत लागली, तर माणूस जरूर नेमावा, परंतु पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला नेमू नये, कारण तशी हमी कोणालाच देता येत नाही. डोमेन (वेबपत्ता), सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल यांची मालकी व्यावसायिकाच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवून नेमलेल्या माणसाला फक्त वापराची परवानगी द्यावी, आणि दर महिन्याला कोणत्या पानावर काय बदलले याची लेखी यादी त्याच्याकडून मागून घ्यावी.