सिम घेताना फक्त प्लॅन बघू नका, घरात रेंज येते का ते आधी बघा

नवीन फोन घेतला की सगळे आधी विचारतात कुठला रिचार्ज स्वस्त, पण मुंबईत एकाच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर फुल रेंज आणि तळमजल्याच्या मागच्या खोलीत एक दांडी अशी गत असते, म्हणून कव्हरेजचा नकाशा बघून थांबू नका, तो बाहेरच्या रस्त्याचा अंदाज देतो, भिंतीच्या आतला नाही. शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन स्वयंपाकघरात, बेडरूममध्ये, लिफ्टपाशी कॉल लावून बघा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसला सिग्नलचा आकडा दिसतो, उणे ८५ च्या आसपास असेल तर मस्त, उणे ११० च्या खाली (म्हणजे उणे ११५, १२० असा) गेला की कॉल तुटू शकतो.

माझं घर आणि ऑफिस दोन्हीकडे चालेल असं एकच नेटवर्क मिळेना, शेवटी दोन सिम ठेवली, आता निवांत आहे. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल लावायची सोय) चालू करा, खरंच खूप फरक पडतो.

आणि हो, गावी जाणं असेल तर तिथल्या माणसांना विचारा, मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र-गोवा ही दोन वेगळी सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचे विभाग, आहेत, इथे जोरात चालणारं कोकणातल्या वाडीत चालेलच असं नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर इंग्रजीत पोर्ट, मग स्पेस, मग आपला नंबर टाइप करून १९०० वर मेसेज करा. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झालेले लागतात, आणि उत्तरात आलेला, नव्या कंपनीला द्यायचा कोड महाराष्ट्रात ४ दिवसच चालतो.